गेम कन्सोलांमधील स्पर्धा आणि माध्यम-स्वरूपांचा स्वीकार

गेम कन्सोलांमधील स्पर्धा आणि माध्यम-स्वरूपांचा स्वीकार या विषयात घरगुती व्हिडिओ गेम यंत्रांच्या उत्पादकांमधील व्यापारी चढाओढ आणि सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे यांसारख्या नव्या माध्यमांचा ग्राहकांमध्ये झालेला प्रसार यांच्या परस्परसंबंधाचा विचार केला जातो. गेम खेळण्यासाठी घेतलेले यंत्र चित्रपट किंवा संगीताच्या तबकड्याही चालवू शकत असेल, तर ते नव्या माध्यमाला थेट घरात प्रवेश मिळवून देते. प्लेस्टेशन २ मुळे डीव्हीडीला आणि प्लेस्टेशन ३ मुळे ब्लू-रेला मिळालेली चालना ही याची प्रमुख उदाहरणे होत. मात्र ही प्रक्रिया सर्वत्र सारखी घडली नाही. भारतात व्हीसीडी आणि स्वस्त डीव्हीडी यांचे प्राबल्य दीर्घकाळ टिकले. पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा यांसारख्या डोंगराळ तालुक्यांच्या परिस्थितीत तर तबकडीपेक्षा मोबाइल व मेमरी कार्ड ही साधने अधिक सोयीची ठरणारी होती.

## संज्ञा

माहिती कोणत्या वस्तूवर आणि कोणत्या पद्धतीने साठवावी याविषयीच्या ठरावीक मानकाला *माध्यम-स्वरूप* म्हणतात. एकाच कामासाठी परस्परांशी न जुळणारी दोन स्वरूपे बाजारात आली, की त्यांच्यातील चढाओढीस *स्वरूपांची स्पर्धा* असे म्हटले जाते. *गेम कन्सोल* म्हणजे दूरचित्रवाणी संचाला जोडून गेम खेळण्यासाठी बनवलेला विशिष्ट संगणक होय. आरंभीच्या कन्सोलांमध्ये गेम कार्ट्रिजवर, म्हणजे प्लास्टिकच्या कवचातील इलेक्ट्रॉनिक चिपवर साठवलेला असे. भारतात या कार्ट्रिजला सर्रास ‘कॅसेट’ म्हटले जाई, जरी तिच्यात चुंबकीय फीत नसे.

## कारणमीमांसा

माध्यम-स्वरूपाचे यश केवळ त्याच्या तांत्रिक गुणवत्तेवर अवलंबून नसते. तबकडी चालवणारे यंत्र घराघरांत नसेल तर चित्रपट कंपन्या त्या तबकडीवर चित्रपट आणण्यास कचरतात. आणि चित्रपट उपलब्ध नसतील तर ग्राहक यंत्र घेत नाहीत. हे दुष्टचक्र भेदणारा पक्ष सहसा स्पर्धा जिंकतो.

याचे ठळक उदाहरण म्हणजे १९७० च्या दशकातील व्हिडिओ कॅसेटची स्पर्धा. सोनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स, तर जेव्हीसीने १९७६ मध्ये व्हीएचएस हे स्वरूप बाजारात आणले. आरंभीच्या बीटामॅक्स कॅसेटवर सुमारे एक तासाचे ध्वनिचित्रमुद्रण होई, तर व्हीएचएसवर दोन तासांचे. एका कॅसेटवर पूर्ण चित्रपट मावण्याची सोय आणि अनेक उत्पादकांनी व्हीएचएसचा केलेला स्वीकार यांमुळे अखेरीस व्हीएचएस प्रचलित झाले.

गेम कन्सोल हे दुष्टचक्र वेगळ्या मार्गाने भेदतो. त्याचा ग्राहक गेमसाठी यंत्र विकत घेतो. नवी तबकडी चालवण्याची क्षमता त्याला त्यासोबत मिळते. शिवाय कन्सोल उत्पादक यंत्र प्रसंगी उत्पादनखर्चाहून कमी किमतीत विकून ती तूट गेमच्या विक्रीतून आणि गेम कंपन्यांकडून मिळणाऱ्या परवाना शुल्कातून भरून काढू शकतात. केवळ चित्रपट दाखवणाऱ्या यंत्राच्या उत्पादकाला उत्पन्नाचा असा दुसरा मार्ग नसतो.

## इतिहास

### कार्ट्रिजकडून सीडीकडे

सोनी व फिलिप्स यांनी विकसित केलेली ध्वनिमुद्रणाची सीडी १९८२ मध्ये बाजारात आली. १९८८ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पीसी इंजिन या कन्सोलसाठी सीडी-रॉम जोडयंत्र विक्रीस आले आणि सीडीचा गेमसाठी वापर सुरू झाला. सेगानेही १९९१ मध्ये मेगा ड्राइव्हसाठी असे जोडयंत्र आणले. परंतु कन्सोलव्यतिरिक्त वेगळे पैसे मोजून घ्यावी लागणारी जोडयंत्रे मर्यादित ग्राहकांपर्यंतच पोहोचली.

याच काळात निन्टेन्डो आणि सोनी यांनी संयुक्तपणे सीडी चालवणारे यंत्र बनवण्याचे ठरवले होते. जून १९९१ मध्ये निन्टेन्डोने सोनीऐवजी फिलिप्सशी सहकार्य जाहीर केले. त्यानंतर सोनीने स्वतःचा कन्सोल विकसित केला. तो *प्लेस्टेशन* या नावाने ३ डिसेंबर १९९४ रोजी जपानमध्ये विक्रीस आला.

निन्टेन्डोने मात्र १९९६ च्या निन्टेन्डो ६४ या यंत्रात कार्ट्रिजच कायम ठेवले. कार्ट्रिजमधील माहिती तत्काळ वाचली जाई आणि तिची नक्कल करणेही अवघड होते. परंतु तिची क्षमता फार तर ६४ मेगाबाइट होती. सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट माहिती मावत असे आणि ती छापणे स्वस्त व जलद होते. स्क्वेअर या कंपनीने आपला *फायनल फँटसी ७* हा गेम १९९७ मध्ये तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी प्रकाशित केला. तोपर्यंत या मालिकेतील प्रमुख गेम निन्टेन्डोच्या यंत्रांवर येत असत. प्लेस्टेशनची एकूण विक्री दहा कोटींच्या पुढे गेली, तर निन्टेन्डो ६४ ची सुमारे ३.३ कोटी झाली.

### डीव्हीडी आणि प्लेस्टेशन २

सीडीच्या पुढच्या पिढीसाठी सोनी-फिलिप्स यांचा एक आणि तोशिबा-टाइम वॉर्नर यांचा दुसरा असे दोन प्रस्ताव होते. संगणक उद्योगाच्या आग्रहामुळे १९९५ मध्ये दोन्ही गटांनी तडजोड केली आणि डीव्हीडी हे एकच मानक ठरले. ग्राहकांना दोन स्वरूपांतून निवड करावी लागण्यापूर्वीच स्पर्धा मिटल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

४ मार्च २००० रोजी जपानमध्ये ३९,८०० येन किमतीस विक्रीस आलेला प्लेस्टेशन २ चित्रपटांच्या डीव्हीडीही चालवत असे. त्या वेळी स्वतंत्र डीव्हीडी प्लेअर महाग असल्यामुळे अनेक कुटुंबांत हाच पहिला डीव्हीडी प्लेअर ठरला. प्रतिस्पर्ध्यांनी वेगळे मार्ग पत्करले. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये सुमारे एक गिगाबाइट क्षमतेची जीडी-रॉम तबकडी होती. निन्टेन्डो गेमक्यूबमध्ये लहान आकाराची तबकडी वापरल्याने त्यावर चित्रपट पाहता येत नसे. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर डीव्हीडी चित्रपट पाहण्यासाठी वेगळा रिमोट संच घ्यावा लागे. प्लेस्टेशन २ ची विक्री १५ कोटींहून अधिक झाली. तो सर्वाधिक खपलेला घरगुती कन्सोल मानला जातो.

### ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी

उच्च सुस्पष्टतेच्या चित्रपटांसाठी डीव्हीडीची क्षमता अपुरी पडू लागली तेव्हा ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या लेझरवर आधारित दोन स्वरूपे पुढे आली. लेझरची तरंगलांबी जितकी कमी, तितके तबकडीवरील खाचखळगे सूक्ष्म करता येतात आणि तेवढ्याच जागेत अधिक माहिती मावते. सोनीच्या गटाने ब्लू-रे, तर तोशिबाच्या गटाने एचडी डीव्हीडी पुरस्कृत केली. या वेळी तडजोड झाली नाही. २००६ मध्ये दोन्ही स्वरूपे बाजारात आली.

सोनीने नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ३ च्या प्रत्येक यंत्रात ब्लू-रे वाचक बसवला. याची किंमत कंपनीला मोठी मोजावी लागली. अमेरिकेत यंत्राची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती, तर आयसप्लाय या विश्लेषण संस्थेच्या तेव्हाच्या अंदाजानुसार उत्पादनखर्च ८०० डॉलरांहून अधिक होता. निळ्या लेझरच्या सुट्या भागांचा तुटवडा पडल्याने युरोपातील विक्री मार्च २००७ पर्यंत लांबली. मायक्रोसॉफ्टने २००५ मध्ये आलेल्या एक्सबॉक्स ३६० मध्ये साधी डीव्हीडीच ठेवली आणि नोव्हेंबर २००६ मध्ये १९९ डॉलर किमतीचे एचडी डीव्हीडी जोडयंत्र स्वतंत्रपणे विकले. त्याचा उपयोग केवळ चित्रपटांसाठी होता. गेम डीव्हीडीवरच येत राहिले.

यामुळे ब्लू-रे चालवू शकणाऱ्या घरगुती यंत्रांत प्लेस्टेशन ३ चे बहुमत झाले. चित्रपट कंपन्यांपैकी डिस्ने, फॉक्स व सोनी पिक्चर्स ब्लू-रेच्या बाजूने होत्या, तर युनिव्हर्सल आणि ऑगस्ट २००७ पासून पॅरामाउंट एचडी डीव्हीडीच्या बाजूने. दोन्ही स्वरूपांत चित्रपट काढणाऱ्या वॉर्नर ब्रदर्सने ४ जानेवारी २००८ रोजी केवळ ब्लू-रे स्वीकारण्याचे जाहीर केले. त्यानंतर मोठ्या विक्रेत्यांनीही तोच पवित्रा घेतला. १९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने एचडी डीव्हीडीचा व्यवसाय थांबवत असल्याची घोषणा केली.

ब्लू-रेचा विजय म्हणजे प्लेस्टेशन ३ चा निर्विवाद विजय मात्र नव्हे. त्या पिढीत सर्वाधिक, दहा कोटींहून अधिक, विक्री निन्टेन्डो वीची झाली. हे यंत्र चित्रपटांची कोणतीही तबकडी चालवत नव्हते. प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० यांची विक्री प्रत्येकी आठ कोटींच्या पुढे, जवळपास बरोबरीत राहिली.

### तबकडीनंतरचा काळ

२०१३ मधील प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोन्ही यंत्रांत ब्लू-रे होते. त्यामुळे तबकडीवरून होणारी स्पर्धा संपली. तोवर चित्रपट इंटरनेटवरून पाहण्याची आणि गेम डाउनलोड करण्याची पद्धत रुळू लागली होती. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचने पुन्हा लहान आकाराचे कार्ट्रिज स्वीकारले, तर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची एक आवृत्ती आणि एक्सबॉक्स सिरीज एस ही यंत्रे तबकडी वाचकाविना आली.

## प्रमुख स्वरूपांची तुलना

| स्वरूप | लेझरची तरंगलांबी | क्षमता | वापरणारे प्रमुख कन्सोल |
|---|---|---|---|
| सीडी | ७८० नॅनोमीटर | सुमारे ६५० ते ७०० मेगाबाइट | सेगा सॅटर्न, प्लेस्टेशन |
| डीव्हीडी | ६५० नॅनोमीटर | ४.७ गिगाबाइट (एक थर), ८.५ गिगाबाइट (दोन थर) | प्लेस्टेशन २, एक्सबॉक्स, एक्सबॉक्स ३६० |
| एचडी डीव्हीडी | ४०५ नॅनोमीटर | १५ गिगाबाइट (एक थर), ३० गिगाबाइट (दोन थर) | एक्सबॉक्स ३६० (केवळ जोडयंत्र, चित्रपटांसाठी) |
| ब्लू-रे | ४०५ नॅनोमीटर | २५ गिगाबाइट (एक थर), ५० गिगाबाइट (दोन थर) | प्लेस्टेशन ३, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन |

## भारत आणि महाराष्ट्र

### कन्सोलांचा प्रवेश

भारतात १९९० च्या दशकात निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या स्वस्त नकला मोठ्या प्रमाणावर खपल्या. ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ यांसारख्या नावांनी त्या विकल्या जात आणि एकाच ‘कॅसेट’मध्ये अनेक गेम असल्याची जाहिरात केली जाई. मूळ यंत्रांवर आयातशुल्काचा मोठा भार होता. ८० टक्के आयातशुल्क टाळण्यासाठी सेगाच्या मेगा ड्राइव्हचे वितरण १९९५ मध्ये शॉ वॉलेस या भारतीय कंपनीमार्फत झाले. तरीही त्याची किंमत १८,००० रुपये होती. परिणामी जपान व अमेरिकेत सीडीचे युग सुरू झाले असताना भारतातील बहुसंख्य मुले १९८३ साली आलेल्या यंत्राच्या नकलांवर खेळत होती.

### व्हीसीडीचे प्राबल्य

मुंबईत १९६२ मध्ये पुस्तकांचे फिरते वाचनालय म्हणून सुरू झालेल्या शेमारू या संस्थेने १९७९ मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचा व्यवसाय आरंभला. व्हिडिओ लायब्ररीची ही प्रथा पुढे गावोगावी पसरली. १९९० च्या दशकाअखेरीस कॅसेटची जागा व्हीसीडीने घेतली. १९९३ मध्ये ठरलेल्या या स्वरूपात एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचे चित्रण मावते. त्यामुळे हिंदी किंवा मराठी चित्रपट दोन-तीन तबकड्यांवर येई. चित्राचा दर्जा डीव्हीडीहून पुष्कळ कमी असला तरी प्लेअर आणि तबकडी दोन्ही स्वस्त होते.

कन्सोलच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची ठरली. प्लेस्टेशन २ डीव्हीडी चालवत असला तरी व्हीसीडी चालवत नसे. ज्या घरात चित्रपट व्हीसीडीवर पाहिले जात, तेथे त्याचा दुसरा उपयोग मर्यादित राही. उलट बाजारातील स्वस्त डीव्हीडी प्लेअर व्हीसीडी, डीव्हीडी आणि एमपी३ गाणी हे सर्व चालवत. म्हणून जपानमध्ये नव्या माध्यमाचा वाहक ठरलेला कन्सोल भारतात तशी भूमिका बजावू शकला नाही.

२००७ मध्ये मोझर बेअर या कंपनीने चित्रपटांच्या अधिकृत व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकण्यास आरंभ केला. अनधिकृत तबकड्यांच्या किमतीशी बरोबरी करणे हा त्यामागील विचार होता. महाराष्ट्रात अनधिकृत तबकड्यांच्या व्यापाराला आळा घालण्यासाठी २००९ मध्ये झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आदींविरुद्धच्या १९८१ च्या प्रतिबंधक अधिनियमात दृक्‌श्राव्य कलाकृतींच्या चाचेगिरीचा समावेश करण्यात आला.

### ब्लू-रेचा मर्यादित प्रसार

एक्सबॉक्स ३६० सप्टेंबर २००६ मध्ये आणि प्लेस्टेशन ३ एप्रिल २००७ मध्ये भारतात अधिकृतपणे आले. प्लेस्टेशन ३ ची किंमत ३९,९९० रुपये होती. त्याच वर्षी ३४ रुपयांना डीव्हीडी मिळत असल्यामुळे ब्लू-रेचे आकर्षण मोठ्या शहरांतील मोजक्या ग्राहकांपुरते राहिले. ब्लू-रेचा लाभ दिसण्यासाठी उच्च सुस्पष्टतेचा दूरचित्रवाणी संचही आवश्यक होता.

जगात ब्लू-रेची सरशी झाल्यानंतर भारतात डीव्हीडीवर चालणाऱ्या प्लेस्टेशन २ साठी स्थानिक गेम येऊ लागले, हे या कालांतराचे बोलके उदाहरण आहे. *हनुमान : बॉय वॉरियर* आणि कबड्डी, विटीदांडू अशा देशी खेळांवरील *देसी अड्डा* हे गेम २००९ मध्ये आले. मुंबईच्या ट्राइन गेम्सने विकसित केलेला *स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स* २०१० मध्ये आला. पुढे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा *राजी : ॲन एन्शंट एपिक* हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विचवर डाउनलोडच्या रूपाने आला. या यंत्राची तेव्हा भारतात अधिकृत विक्री होत नव्हती.

तबकड्यांच्या विक्रीची व्यवस्था मात्र आकसत गेली. मुंबईतील काळा घोडा येथील रिदम हाउस हे संगीत व चित्रपटांचे नामांकित दुकान २०१६ मध्ये बंद झाले. मोझर बेअर कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली.

## जव्हार आणि मोखाडा

जव्हार व मोखाडा हे सह्याद्रीच्या डोंगराळ भागातील तालुके १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होते. त्या दिवशी स्थापन झालेल्या पालघर जिल्ह्यात त्यांचा समावेश झाला. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही तालुक्यांत अनुसूचित जमातींचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक आहे. वारली, कोकणा, महादेव कोळी, कोळी मल्हार, ठाकूर व कातकरी या येथील प्रमुख जमाती होत. वस्ती विखुरलेल्या पाड्यांची आहे. खरिपाची कामे आटोपल्यावर अनेक कुटुंबे वीटभट्ट्या व बांधकामांवरील मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाणे आदी भागांत स्थलांतर करतात.

तबकडीवर आधारित माध्यमाला दूरचित्रवाणी संच, खात्रीचा वीजपुरवठा आणि तबकड्या विकणारे किंवा भाड्याने देणारे दुकान या तिन्ही गोष्टी लागतात. २०११ च्या जनगणनेत संपूर्ण भारतातील ४७.२ टक्के कुटुंबांकडे दूरचित्रवाणी संच होता, तर ६३.२ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी अथवा मोबाइल होता. फोनचा प्रसार दूरचित्रवाणीपेक्षा आधीच पुढे गेला होता. वर्षातील काही महिने घराबाहेर राहणाऱ्या कुटुंबाला दूरचित्रवाणी संच आणि प्लेअर सोबत नेता येत नाही. मोबाइल नेता येतो. त्यामुळे अशा भागासाठी कोणती तबकडी श्रेष्ठ, हा प्रश्नच गौण ठरतो.

ग्रामीण महाराष्ट्रात तबकडी आणि इंटरनेट यांच्या मधला दुवा मायक्रोएसडी मेमरी कार्डाने साधला. २००५ मध्ये मानक ठरलेल्या या नखाएवढ्या कार्डावर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून गाणी, चित्रपट व छोटे गेम भरून घेण्याची पद्धत बाजाराच्या गावांत रूढ झाली. ब्लूटूथद्वारे एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये फाइल पाठवता येत असल्याने एकाने भरून आणलेला मजकूर अनेकांपर्यंत पोहोचे. त्यासाठी इंटरनेटची गरज नसे. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइल इंटरनेट स्वस्त झाले आणि जेथे संपर्कजाल पोहोचले तेथे मेमरी कार्डाची जागा थेट प्रक्षेपण व डाउनलोड यांनी घेतली. पब्जी मोबाइलसारखे गेम लोकप्रिय झाले. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने त्यावर बंदी घातली.

संपर्कजालाची व्याप्ती ही या भागातील कळीची बाब आहे. डोंगर-दऱ्यांमुळे अनेक पाड्यांवर मोबाइलचा संपर्क तुटक असतो. कोविड-१९ साथीच्या काळात शाळा बंद असताना ही उणीव शिक्षणाच्या दृष्टीने प्रकर्षाने जाणवली. एकदा हाती आलेली तबकडी किंवा कार्ड संपर्काविना चालते. केवळ इंटरनेटवर उपलब्ध असलेला पाठ, चित्रपट किंवा गेम चालत नाही. म्हणून माध्यम-स्वरूपातील बदल शहरात सोयीचा, तर अशा वस्तीत काही प्रमाणात गैरसोयीचाही ठरतो.

## परिणाम आणि मूल्यमापन

ब्लू-रेच्या यशाचे श्रेय कन्सोलला किती द्यावे, याविषयी दोन दृष्टिकोन मांडता येतात. एका दृष्टिकोनानुसार प्लेस्टेशन ३ मुळे निर्माण झालेली यंत्रसंख्या निर्णायक ठरली. दुसऱ्या दृष्टिकोनानुसार चित्रपट कंपन्यांचे, विशेषतः वॉर्नर ब्रदर्सचे निर्णय अधिक महत्त्वाचे होते. हे दोन्ही घटक परस्परपूरक होते; यंत्रसंख्या वाढली नसती तर चित्रपट कंपन्यांचा कल बदलण्याचे एक प्रमुख कारण उरले नसते.

तबकडीकडून डाउनलोडकडे झालेल्या वाटचालीमुळे मालकी आणि जतन हे प्रश्न उपस्थित झाले आहेत. तबकडी विकता, उसनी देता किंवा भाड्याने घेता येते. डाउनलोड केलेला गेम बहुधा खात्याशी निगडित परवाना असतो आणि विक्री-सेवा बंद झाल्यास तो नव्याने मिळवता येत नाही. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या यंत्रांवरील ऑनलाइन विक्री मार्च २०२३ मध्ये बंद केली. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या पाहणीत अमेरिकेत प्रकाशित झालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम अधिकृतपणे विक्रीस उपलब्ध नसल्याचे आढळले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मुद्रणयोग्य ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. चित्रपट व गेम यांच्या छापील तबकड्या त्यानंतरही विक्रीत राहिल्या.

## हेही पाहा

* व्हिडिओ गेम
* प्लेस्टेशन
* ब्लू-रे तबकडी
* व्हीसीडी
* मेमरी कार्ड
* जव्हार तालुका
* मोखाडा तालुका